परसबागेतील गोगलगायी : औषधाच्या आधी आडोसा हटवा

प्रश्न : इंदिरानगरला आमचे रो-हाऊस असून मागे साधारण तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी परसबाग आहे. गेली दोन वर्षे पाऊस सुरू झाला, की शंख असलेल्या मोठ्या गोगलगायी आणि काही काळ्या, बिनशंखाच्या गोगलगायी रात्रीतून पालक, मेथी आणि घेवड्याची रोपे फस्त करतात. दसऱ्यासाठी लावलेली झेंडूची रोपे यंदा चार-पाच रात्रींत संपली. मी वाफ्यांच्या कडेने जाडे मीठ टाकले, अंड्यांची टरफले पसरली. गोगलगायी थांबल्या नाहीत, उलट घेवड्याची पाने कडेने करपू लागली. शेजारचे काका औषधाच्या गोळ्या टाका म्हणतात, पण आमच्याकडे कुत्रा आहे आणि पाच वर्षांची मुलगी दिवसभर अंगणात असते. सासूबाईंचे म्हणणे असे, की चातुर्मासात जीव मारू नयेत, गोळा करून लांब कुठेतरी सोडून द्यावेत. नेमके काय करावे? आणि दसऱ्याला घरचा झेंडू मिळण्याची काही आशा आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सर्वांत आधी मिठाविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील तेवढी एकच गोष्ट आजच्या आज थांबवायची आहे. अंगावर मीठ पडले की गोगलगायीच्या शरीरातील पाणी ओढले जाते आणि ती मरते, हे खरे आहे. परंतु वाफ्याच्या कडेला टाकलेले मीठ पहिल्याच सरीबरोबर विरघळते, गोगलगायीच्या वाटेतून नाहीसे होते आणि झाडाच्या मुळाशी जाऊन बसते. आपल्याकडच्या काळ्या, चिकण जमिनीतून पाण्याचा निचरा मुळातच सावकाश होतो, त्यामुळे एकदा शिरलेले मीठ चटकन धुऊन जात नाही, आणि मिठातील सोडियममुळे मातीची घडण बिघडून ती आणखी घट्ट होते. पालक खारटपणा बऱ्यापैकी सोसतो. घेवडा मात्र मिठाच्या बाबतीत फार नाजूक आहे, म्हणूनच पहिला फटका त्याला बसला. जिथे मीठ टाकले होते तिथली वरची दोन बोटे माती खरवडून बागेबाहेर काढावी, तिच्या जागी चांगले कुजलेले शेणखत मिसळलेली माती भरावी आणि वाफ्याच्या उताराच्या बाजूला लहानसा चर काढून पावसाचे पाणी वाहून जाईल असे करावे. यंदाच्या पावसात उरलेले मीठ बरेचसे निघून जाईल. करपलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण नवी पाने निरोगी येत असतील तर रोपे उपटू नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या पत्रात, आणि या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत, विचारणा एकच असते : झाडाभोवती काय टाकावे? माझ्या मते चुकते ते इथेच. गोगलगाय झाडावर काही तास असते आणि दिवसाचा उरलेला सगळा वेळ ती ओलसर, अंधाऱ्या, वाऱ्यापासून आडोशाच्या जागी काढते, कारण तिचे अंग उघड्यावर वाळते आणि वाळले की ती जगू शकत नाही. तिची अंडीही अशाच जागेजवळ मातीत असतात. त्यामुळे झाडाभोवती कुंपणे घालण्यात जितकी मेहनत जाते, त्याच्या निम्मी मेहनत तिचे दिवसाचे बिऱ्हाड शोधण्यात घातली, तर परिणाम कितीतरी अधिक दिसतो.

त्यापूर्वी नुकसान करणारी गोगलगायच आहे याची खात्री करून घ्यावी. पानांना वेड्यावाकड्या आकाराची भोके पडली असतील आणि पानावर, वाफ्याच्या कडेला किंवा भिंतीवर वाळलेल्या चिकट द्रवाचा चकाकणारा माग दिसत असेल, तर शंका उरत नाही. असा माग नसेल आणि पानांवर काळसर दाण्यांसारखी विष्ठा पडलेली असेल, तर ते काम अळीचे आहे. रोप जमिनीलगत कापलेले पण शेजारीच आडवे पडलेले दिसले, तर मातीत दडणारी, रोपे कुरतडणारी अळी असण्याचा संभव अधिक. गोगलगाय कोवळे रोप सहसा खाऊनच टाकते आणि मागे बुडखा तेवढा ठेवते. रात्री नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन एक फेरी मारली, की गुन्हेगार जागेवरच सापडतो.

तुम्ही वर्णन केलेली मोठी, शंखाची गोगलगाय म्हणजे आफ्रिकन शंखी गोगलगाय होय. तिचा शंख टोकाकडे निमुळता, तपकिरी आणि त्यावर गडद पट्टे असलेला असतो. पूर्व आफ्रिकेतील हा जीव भारतात १८४७ मध्ये आला; विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने तो मॉरिशसहून कलकत्त्यात आणून चौरंगीच्या एका बागेत सोडला, आणि तिथून पुढची पावणेदोनशे वर्षे रोपे, माती आणि मालवाहतूक यांच्याबरोबर तो देशभर पसरत राहिला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत याच गोगलगायीने उगवते सोयाबीन इतके खाल्ले, की अनेक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. दुसरी, काळपट, चपटी आणि पाठीच्या मधोमध बहुधा एक फिकट रेघ असलेली बिनशंखाची गोगलगायही मूळची आफ्रिकेचीच आहे. ती कुंडीच्या बुडाच्या भोकातूनसुद्धा आत शिरते. यांखेरीज बागेत लहान, चपट्या, पातळ कवचाच्या गोगलगायी दिसतात. त्याही कोवळे पान खातात, पण त्यांचा उपद्रव मर्यादित असतो. सह्याद्रीत गोगलगायींच्या कितीतरी अशा जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत, आणि त्यांतील पुष्कळशा केवळ कुजलेला पाला व शेवाळ यांवर जगतात. म्हणून शंख दिसला की ठेचायचा, ही सवय नसलेली बरी. तुमचा झगडा त्या तपकिरी पट्टेवालीशी आणि काळ्या चपटीशी आहे.

या शंखी गोगलगायीचे जीवनचक्र समजले, की कामाचे वेळापत्रक आपोआप ठरते. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असते, त्यामुळे मीलनानंतर दोघीही अंडी घालू शकतात, आणि एकदा मिळालेले शुक्रबीज साठवून ठेवून ती पुढे पुन्हा पुन्हा अंडी घालते. एका वेळी शंभर ते चारशे अंडी, तीही वर्षातून अनेकदा. ही अंडी ओल्या, भुसभुशीत मातीत काही सेंटिमीटर खोल, एका पुंजक्यात असतात. रंगाने पांढरट-पिवळसर आणि आकाराने भिजवलेल्या साबुदाण्याएवढी. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात आणि सहा महिन्यांच्या आसपास ती स्वतः अंडी घालण्यायोग्य होतात. मात्र आपल्याकडे पाऊस संपला, की ती शंखात शिरून तोंडावर पांढरट पापुद्रा चढवतात आणि हिवाळा-उन्हाळा निपचित पडून काढतात. याचा अर्थ असा, की यंदा आषाढात बाहेर पडलेले पिल्लू पुढच्या वर्षी मृग-आर्द्राच्या पावसात जागे होते ते अंडी घालण्याच्या तयारीनेच. पहिल्या वर्षी चार-दोन दिसलेल्या गोगलगायी दुसऱ्या वर्षी आवरेनाशा होतात, त्याचे कारण हे आहे; आणि म्हणूनच आज केलेल्या मेहनतीचे खरे फळ तुम्हाला पुढच्या पावसाळ्यात दिसेल, हेही आताच सांगून ठेवतो. यंदा नुकसान कमी होईल, बंद होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी बागेत नवे काय आले होते, ते आठवून पाहावे. बहुतेक वेळा हा पाहुणा नर्सरीतून आणलेल्या कुंडीतून, बाहेरून मागवलेल्या ट्रॉलीभर पोयटा मातीतून किंवा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येतो, आणि तोही अंड्यांच्या रूपात, त्यामुळे आणताना कुणाच्या लक्षात येत नाही. यापुढे नवे रोप आणले, की पिशवी कापून मुळांभोवतीचा मातीचा गोळा सर्व बाजूंनी नीट पाहावा, कुंडीच्या बुडाच्या भोकात डोकवावे आणि नवी कुंडी दोन-तीन आठवडे बाकीच्या बागेपासून वेगळी, फरशीवर ठेवावी.

दिवसाचे बिऱ्हाड शोधण्यासाठी पाऊस उघडलेला असताना, सकाळी आठ-नऊच्या सुमारास बागेत उतरावे आणि सर्वांत आधी जमिनीला टेकलेली प्रत्येक वस्तू उचलून पाहावी : कुंड्यांखालच्या बश्या, वाफ्याच्या कडेला लावलेल्या विटा, कधीकाळी कामास येईल म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेले फरशीचे तुकडे, रिकाम्या कोकोपीटच्या पिशव्या, फुटका पाइप, पाण्याच्या मीटरचा खड्डा. वीट उलटी केली, की तिच्या खालच्या बाजूला शंखाचे तोंड घट्ट चिकटलेले आढळेल आणि त्याच्या कडेने वाळलेल्या द्रवाची कागदासारखी पातळ कड दिसेल. शेजारी पिठासारखी मऊ, ओली माती असेल, तर ती बोटभर उकरावी, कारण अंडी बहुधा तिथेच असतात. काळ्या दगडाची कुंपणभिंत असेल, तर तिच्या फटी हे त्यांचे सर्वांत आवडते घर समजावे. सिमेंट निघालेल्या फटी उन्हाळ्यात बुजवून घ्याव्यात. आता पावसात निदान त्या भिंतीवर चढलेला वेल आणि पायथ्याचे गवत काढून तिथे ऊन-वारा लागेल एवढे करावे.

याच ठिकाणी एक अवघड मुद्दा येतो. सेंद्रिय पद्धतीने बाग करणारे आपण सगळे वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालतो, आणि ते योग्यच आहे, परंतु पावसाळ्यात ओले आच्छादन म्हणजे गोगलगायीला दारातच मिळालेली खोली असते. आच्छादन पूर्णपणे काढून टाकावे असे मी म्हणणार नाही. जून ते सप्टेंबर एवढ्या काळात ते रोपाच्या बुडापासून वीतभर दूर सारावे, थर पातळ ठेवावा आणि उघडीप मिळाली की एकदा हलवून घ्यावा. कंपोस्टचा ढीग वाफ्यांना लागून असेल, तर तो झाकणाच्या पिंपात हलवावा. पाणी देण्याची वेळही बदलावी; पावसाने दडी मारली, की संध्याकाळी पाणी घालण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि त्यामुळे गोगलगाय बाहेर पडायच्या नेमक्या वेळी तिला ओली वाट तयार मिळते. पाणी पहाटे किंवा सकाळी घातले, तर सूर्यास्तापर्यंत मातीचा वरचा थर सुकतो आणि तिची ये-जा बरीच कमी होते.

शेजारी मोकळा प्लॉट असेल आणि त्यात गाजरगवत माजले असेल, तर तुमची बाग कितीही स्वच्छ केली तरी तिकडून भरती चालूच राहील. अख्खा प्लॉट साफ करणे तुमच्या हातात नसले, तरी भिंतीच्या पलीकडची दोन-तीन फुटांची पट्टी काढून घेणे सहज शक्य असते, आणि शेजारच्या काकांचा उत्साह गोळ्यांऐवजी या कामाकडे वळवता आला तर उत्तमच.

आडोसे कमी केल्यावर उरलेल्या गोगलगायींसाठी आपणच एखादा आडोसा मांडून ठेवावा, म्हणजे त्या शोधत फिरावे लागत नाही. जुने गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून, पिळून, संध्याकाळी वाफ्यांच्या मधल्या वाटेवर पसरावे. तुमच्या बागेला अशी दोन-तीन गोणपाटे पुरतील. गुळाच्या वासाने गोगलगायी जवळ येतात आणि उजाडल्यावर त्याच ओल्या कापडाखाली दडून बसतात. पपईची पाने किंवा कोबीची बाहेरची पानेही याच कामी येतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी गोणपाट उचलून खालच्या गोगलगायी गोळा कराव्यात, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भिजवावे, कारण कोरड्या गोणपाटाखाली कुणी येत नाही. याच्या जोडीला दिवेलागणीनंतर तास-दोन तासांनी टॉर्च घेऊन फेरी मारावी. रिमझिम पाऊस पडून गेलेल्या रात्री सर्वाधिक गोगलगायी सापडतात. पहिले दोन आठवडे हे रोज करावे आणि किती सापडल्या तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आकडा उतरू लागला, की आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात. मध्येच तो एकदम वाढला आणि त्यात लहान पिल्लेच अधिक असली, तर कुठेतरी अंड्यांचा पुंजका नजरेतून सुटला होता असे समजावे.

या कामात उघडा हात लावू नये, हे मात्र मी आग्रहाने सांगतो. उंदरांच्या फुफ्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायीच्या शरीरात वाढतात आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या, तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडल्यावर ते गंभीर असते. रबरी हातमोजे घालावेत किंवा स्वयंपाकघरातून बाद झालेला चिमटा बागेसाठी कायमचा वेगळा ठेवावा, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मुलीला गोगलगायींशी खेळू देऊ नये आणि कुत्र्याला त्या तोंडात घेऊ देऊ नयेत. बागेतली पालेभाजी एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावी. नुसते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणे पुरेसे नाही. शिजवलेल्या भाजीत धोका राहत नाही, पण पावसाळ्यापुरती कच्ची कोथिंबीर आणि कच्ची पाने यांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी.

गोळा केलेल्या गोगलगायींचे काय करायचे, या प्रश्नावर तुमच्या सासूबाईंशी सहमत होणे मला कठीण जाते. त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनच हे लिहितो. ‘लांब कुठेतरी’ म्हणजे नेमके कुठे, याचा विचार करून पाहावा. नाशिकपासून कोणत्याही दिशेला चार-पाच किलोमीटर गेले, की कुणाचा तरी द्राक्षमळा, टोमॅटोचा प्लॉट किंवा कांद्याचे रोप लागते, आणि गोदावरीच्या किंवा नासर्डीच्या काठी सोडलेली गोगलगाय पुराच्या पाण्याबरोबर आणखी पुढे जाते. आपल्या अंगणातला उपद्रव ज्याचे पोट शेतीवर आहे त्याच्या बांधावर नेऊन ठेवण्यात जीवदया कितपत आहे, हे त्यांनाच विचारावे. भिंतीपलीकडे भिरकावून दिल्यासही उपयोग होत नाही. गोगलगाय आपल्या लपण्याच्या जागी परत येण्यात तरबेज असते, ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण उगीच पडलेली नाही. जिवंत गोगलगायी पिशवीत बांधून घंटागाडीत टाकल्या, तर त्या कचऱ्याबरोबर पाथर्डीच्या खत प्रकल्पापर्यंत पोहोचतात आणि तिथे त्यांना हवे ते सगळे मिळते.

त्यामुळे त्या नष्ट करणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो, आणि तो शक्य तितक्या कमी यातनांचा असावा. कृषी विभागाच्या सल्ल्यांत मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात त्या टाकाव्यात असे सांगितले जाते. घरगुती प्रमाणात मला खळखळ उकळते पाणी अधिक बरे वाटते, कारण त्यात मृत्यू तत्काळ येतो. नंतर बागेच्या कोपऱ्यात दीड फूट खोल खड्डा करून त्यात त्या पुराव्यात आणि वर चुन्याची भुकटी टाकून माती दाबावी; उघड्यावर ठेवल्या तर दुर्गंधी सुटते आणि माश्या येतात. जिवंत पुरल्यास त्या माती उकरून बाहेर येतात. ज्या घरात चातुर्मासात हे करणे मनाला पटतच नाही, त्यांनी आपला भर दोन गोष्टींवर ठेवावा : आडोसे हटवणे आणि अंडी वेचून उकळत्या पाण्यात टाकणे. अंड्यांचा एक पुंजका वेचला, की पुढे शे-दोनशे जिवांना मारण्याची वेळच येत नाही. आणि हे काम आषाढी एकादशीच्या आत, किंबहुना उन्हाळ्यातच करता येते. फेब्रुवारी ते मे या काळात शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा चढवून भिंतीला, झाडाच्या खोडाला किंवा मातीत बोट-दोन बोटे खोल चिकटून बसलेल्या गोगलगायी दिवसाढवळ्या वेचता येतात, आणि मे महिन्यात वाफे खणून माती उन्हात तापू दिली, की उरलीसुरली अंडीही वाळून जातात.

अंड्यांच्या टरफलांनी फरक पडला नाही, यात आश्चर्य नाही. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसच्या रोपांवर अंड्यांची टरफले, खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या आणि तांब्याची पट्टी असे पाच अडसर वापरून पाहिले, तेव्हा अडसर असलेल्या आणि नसलेल्या रोपांचे नुकसान सारखेच भरले. शिवाय शंख बांधायला गोगलगायीला कॅल्शियम लागतेच. ती टरफले खाऊनही टाकते. चहाचा चोथा आणि राख पहिल्या पावसापर्यंतच टिकतात. बिअरच्या वाटीचा उपाय थोडाफार चालतो, कारण आंबलेल्या यीस्टचा वास गोगलगायींना खेचतो; त्यासाठी बिअरच हवी असे नाही, मैदा, पाणी आणि बेकरीचे यीस्ट यांचे पातळ मिश्रणही तेच काम करते. मात्र अशा वाटीत लहान आणि बिनशंखाच्या गोगलगायी बुडतात, मोठी शंखी आरामात पिऊन निघून जाते. तंबाखूचा काढा पालेभाजीवर मुळीच फवारू नये. बागेत पपई किंवा लिंबू असेल, तर त्याच्या खोडाला बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद आणि चुना यांच्या लेपाचा, हातभर रुंद पट्टा द्यावा. मोरचूद आणि चुना दोन्ही गोगलगायीला सोसत नाहीत आणि द्राक्षबागायतदारांच्या या शहरात ते कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. वाफ्यातल्या मातीत मात्र मोरचूद घालू नये, तांबे तिथे साठत जाते.

शेजारच्या काकांनी सुचवलेल्या गोळ्या बहुधा मेटाल्डिहाइडच्या असाव्यात. त्या परिणामकारक आहेत, याबद्दल वाद नाही, आणि सोयाबीनच्या शेतात त्यांचा वापर होतोही. परंतु त्या कोंड्यासारख्या खाद्यात मिसळलेल्या असल्याने कुत्र्याला खाऊ वाटतात, आणि पोटात गेल्यास कुत्र्यामांजरांना थरथर, झटके आणि प्रसंगी मृत्यू येतो. त्यावर हमखास असा उतारा नाही. ब्रिटनमध्ये २०२२ पासून या औषधाच्या बाहेरच्या वापरावर बंदी आहे. कुत्रा आणि लहान मूल असलेल्या तीस फुटांच्या बागेत त्या टाकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या, तर त्या तुलनेने पुष्कळच कमी धोक्याच्या आहेत, तरीही त्या उपड्या करवंटीखाली, मुलीचा हात पोहोचणार नाही अशाच ठेवाव्यात. आणखी एक सावधगिरी अशी, की भाताचा कोंडा, गूळ, यीस्ट आणि मिथोमिल यांच्या आमिषाची जुनी कृती अजून मोबाइलवर फिरत असते. मिथोमिल हे अत्यंत विषारी कीटकनाशक असून केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली आहे. कुणाच्या गोदामात जुनी पुडी पडलेली असली, तरी ती बागेत आणू नये. औषधांविषयी याहून अधिक विचारायचे असेल, तर गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे नमुना दाखवून सल्ला घेता येईल.

गोळ्या न टाकण्याचे आणखी एक कारण आहे. भारद्वाज हा आपल्या बागांतून दबकत फिरणारा, तांबूस पंखांचा काळा पक्षी गोगलगायी आवडीने खातो, मोठी शंखीसुद्धा. त्याच्या दर्शनाला आपल्याकडे शुभ मानतात. तुमच्या बागेपुरते तरी त्यात बरेच तथ्य आहे. त्याला दाट झुडूप लागते, म्हणून कुंपणाच्या एका कोपऱ्यातली जास्वंद किंवा मेंदी फार छाटू नये. बेडूक लहान गोगलगायी गिळतात. पावसाळ्याच्या तोंडाशी नाशिककर गाड्या काढून भंडारदऱ्याला ज्यांच्यासाठी जातात, त्या काजव्यांच्या अळ्यांचेही मुख्य खाद्य गोगलगायीच. विषाच्या गोळ्या आणि फवारे यांनी ही सगळी मंडळी आधी जातात आणि गोगलगायी उरतात.

राहिला झेंडू. जुलै संपत आला असला, तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावलेल्या रोपांना दीड-दोन महिन्यांत फुले येतात, त्यामुळे दसरा ऑक्टोबरात असेल, तर आशा सोडण्याचे कारण नाही. बुटका, लहान फुलांचा फ्रेंच झेंडू आणखी लवकर येतो, म्हणून निम्मी रोपे त्याची घ्यावीत. बी थेट वाफ्यात टाकू नये. नर्सरीतून ट्रेमधली तयार रोपे आणावीत, ट्रेची खालची बाजू तपासावी आणि आठ-दहा दिवस ती गच्चीवर टेबलावर ठेवून वीतभर उंच व बुडाशी जरा निबर होऊ द्यावीत, कारण गोगलगायींचा सगळा रोख दोन-चार पानांच्या कोवळ्या रोपावर असतो. तेवढ्या दिवसांत तुमच्या गोणपाटाखालचा आकडाही उतरलेला असेल. लागवड सकाळी करावी, पहिला आठवडा प्रत्येक रोपाभोवती दोन्ही टोके कापलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली मातीत दोन बोटे रोवून ठेवावी आणि आत एखादी गोगलगाय अडकलेली नाही हे रोज पाहावे. एरवी झेंडूला जास्त फुटवे यावेत म्हणून शेंडा खुडतात. या उशिराच्या लागवडीत तो खुडू नये, कारण खुडल्यावर फुले आणखी लांबतात.